संगणकावरील वाचनखुणा
(अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी संगणकतज्ज्ञ नाही. बँकेत लिपिक आहे आणि पदवी कला शाखेची. तरीही संयोजकांनी मला 'बुकमार्क' या विषयावर बोलावयास सांगितले, याचे कारण एवढेच असावे की नोंदी ठेवणे हे माझे रोजचे काम आहे. आणि बुकमार्क ही शेवटी एक नोंदच.

१९९३ साली आलेल्या मोझॅक या ब्राउझरमध्ये तिला 'हॉटलिस्ट' म्हणत. पुढे नेटस्केपने 'बुकमार्क' म्हटले, मायक्रोसॉफ्टने 'फेव्हरिट्स'. नाव काहीही असो, या खुणेत जपला जातो तो फक्त पत्ता, पान नव्हे. पत्ता वहीत लिहून ठेवला म्हणून माणूस त्याच घरात राहील अशी हमी असते काय? अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. तुमचा प्रबंध पूर्ण व्हायला चार-पाच वर्षे लागतात. तोंडी परीक्षेत परीक्षकाने तळटीप दाखवून "हे कोठून घेतले?" असे विचारावे आणि पान उघडूच नये, ही वेळ कोणावरही येऊ शकते.

म्हणून जे पान तुमच्या लेखनाचा आधार आहे, त्याची खूण करून थांबू नका. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचे 'वेबॅक मशीन' २००१ पासून सर्वांना खुले आहे. तेथे पानाचा पत्ता दिला की त्या दिवसाची प्रत बहुतेक वेळा जतन होते आणि तिचा वेगळा पत्ता मिळतो. खुणेत तोही ठेवावा. शोधनिबंधाला डीओआय क्रमांक असेल तर ब्राउझरच्या पट्टीतील लांबलचक पत्त्याऐवजी तोच घ्यावा. निबंध दुसऱ्या संकेतस्थळावर हलला तरी क्रमांक बदलत नाही. शोधगंगेवरील प्रबंधांनाही असाच कायमचा पत्ता दिलेला असतो. ग्रंथालयाच्या खात्यातून आत गेल्यावर वर दिसणारा पत्ता मात्र पुष्कळदा त्या बैठकीपुरताच असतो. दुसऱ्या दिवशी तो निरुपयोगी.

आता नावाविषयी. बँकेत व्हाउचरवर नुसती रक्कम लिहून चालत नाही, तपशील लागतो. खूण करताना (संगणकावर कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबून) एक छोटी चौकट उघडते व त्यात नाव बदलता येते. बहुतेक जण तिच्याकडे न पाहता पुढे जातात आणि यादीत 'होम', 'वेलकम' अशी दहा नावे साठतात. समजा, तुम्ही १९७२ च्या दुष्काळावर काम करीत आहात. मग 'दुष्काळ १९७२, रोजगार हमी, मजुरीचे दर, प्रकरण २' असे नाव द्या. पान कशासाठी ठेवले ते आज तुम्हाला ठाऊक आहे. सहा महिन्यांनी ठाऊक नसेल. शोधताना तुम्ही रोमन अक्षरांत टाइप करीत असाल तर एखादा शब्द तसाही जोडा, कारण देवनागरीतला 'दुष्काळ' रोमन अक्षरांना सापडत नाही. फायरफॉक्समध्ये खुणेला वेगळे टॅगही लावता येतात. इतर ठिकाणी नावातच काम भागवावे.

कप्प्यांच्या आत कप्पे करण्याचा उत्साह मला पटत नाही. चालू कामाचा एक कप्पा असावा, आणि एक 'आवक'. घाईत मिळालेले सारे आवकमध्ये टाकावे व रविवारी बसून निपटावे. कामाचे ते नाव देऊन पुढे सरकवावे, बाकीचे पुसावे. ज्यांना संदर्भसूचीही करावयाची आहे त्यांनी झोटेरो हा मोफत कार्यक्रम शिकून घ्यावा. तो लेखक, वर्ष यांची नोंद घेतो आणि पानाची प्रतही आपल्या संगणकावर ठेवतो.

थोडे विषयांतर करतो, पण ते माझ्या खात्यातले आहे. बँकेचे किंवा शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ दर वेळी शोधयंत्रात शोधू नका. वर दिसणारे पहिले नाव खरेच असेल असे नाही. बनावट पाने अशीच माणसे पकडतात. खात्रीचा पत्ता एकदा नीट टाइप करून त्याची खूण करा. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेल्या पत्त्यावर जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. त्यापूर्वीच्या खुणा तुमच्याकडे असतील तर त्या बदलून घ्या.

ज्यांना महाविद्यालयाच्या किंवा कॅफेच्या संगणकावर काम करावे लागते, त्यांनी तेथील ब्राउझरला आपले खाते जोडू नये. खुणांबरोबर साठवलेले पासवर्डही त्या यंत्रात उतरू शकतात.

शेवटची गोष्ट प्रतीची. डिलिशस ही खुणा साठविणारी सेवा २००३ साली निघाली, खूप गाजली, आणि २०१७ मध्ये तिच्यात नवी नोंद करणे बंद झाले. गूगल बुकमार्क्स २०२१ मध्ये बंद पडले, पॉकेट २०२५ मध्ये. तेव्हा सगळी भिस्त कोणत्याही एका सेवेवर ठेवू नका. ब्राउझरच्या बुकमार्क व्यवस्थापकात 'एक्स्पोर्ट' असा पर्याय असतो. त्यातून सर्व खुणांची एकच फाइल निघते आणि ती दुसऱ्या कोणत्याही ब्राउझरमध्ये चालते. दर महिन्याला ती काढून, नावात तारीख घालून, पेनड्राइव्हवर ठेवा आणि एक प्रत स्वतःलाच ई-मेलने पाठवा. दोन मिनिटांचे काम आहे. कोणाला अडल्यास मी रविवारी सकाळी अभ्यासिकेत असतो.