आधी आवाज, मग पाना



पावसाळा सरला की चारही चाकांना जोर देणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी खालून आवाज करते. घाटात करते, गावात करत नाही. वळताना करते, सरळ रस्त्यावर करत नाही. मग कुणी म्हणतं मागचं क्राउन गेलं, कुणी म्हणतं बेअरिंग, आणि अंदाजाने एकेक भाग बदलायला सुरुवात होते. चार भाग बदलून आवाज तसाच राहिला, की चांगली गाडी वैतागून विकली जाते. आज मला याच गाड्यांबद्दल बोलायचं आहे. जिप्सी, जुन्या जीप, फॉरेस्टर, सीआर-व्ही. त्यांचा आवाज घरच्या घरी बराचसा ओळखता येतो. त्यासाठी लागतो रिकामा रस्ता, एक खडू, शिवणकामाचा लांब टेप आणि थोडा धीर.

साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांकडे जातो. इथे गिअरबॉक्सनंतर तो पुढे आणि मागे वाटला जातो. बैठकीच्या खालून लांब प्रोपेलर शाफ्ट जातो, त्याला क्रॉस, म्हणजे सांधे, असतात, काही गाड्यांत मध्ये सेंटर बेअरिंग असतं, आणि दोन्ही टोकांना डिफरन्शियल. एवढे फिरणारे भाग एकाच पत्र्याखाली असतात आणि पत्रा आवाज वाहून नेतो. मागच्या डिफरन्शियलची घरघर चालकाला पायाखाली वाटू शकते. म्हणून आवाज कुठून येतो हा प्रश्न मी नेहमी दुसरा ठेवतो. पहिला प्रश्न, आवाज केव्हा येतो?

रिकाम्या, सपाट, सरळ रस्त्यावर गाडी न्या. शेजारी कुणाला तरी बसवा, लिहून घ्यायला. ताशी पन्नासला आवाज येत असेल, तर तोच वेग ठेवून एक गिअर खाली घ्या. इंजिन जोरात फिरू लागेल, चाकं मात्र तितकीच फिरतील. इंजिनाबरोबर आवाज बदलला, तर तो इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सकडचा. जसाच्या तसा राहिला, तर तो गिअरबॉक्सच्या पुढचा, म्हणजे शाफ्ट, डिफरन्शियल, बेअरिंग किंवा टायर. हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर क्षणभर न्यूट्रल करून हेच पुन्हा तपासा. पण इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते.

नंतर ॲक्सिलरेटरकडे या. डिफरन्शियलमधल्या क्राउन आणि पिनियन या गिअरांच्या प्रत्येक दाताला दोन बाजू असतात. गाडी ओढताना एक बाजू काम करते, ॲक्सिलरेटर सोडून गाडी इंजिनावर अडवताना दुसरी. म्हणून क्राउन-पिनियनचा हुंकार बहुधा ओढताना किंवा सोडताना यांपैकी एकाच वेळी येतो, आणि ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच येतो. चाकाच्या बेअरिंगला या ओढण्या-सोडण्याचं सोयरसुतक नसतं. तिथे फरक पडतो स्टिअरिंगने. ताशी चाळीसला गाडी हलकेच डावीकडे आणि उजवीकडे घ्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा घुमणं वाढलं तर संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर, उलट झालं तर डाव्या. या एका चाचणीने कितीतरी डिफरन्शियल विनाकारण उघडली जाण्यापासून वाचतील.

पण बेअरिंगवर शिक्का मारण्याआधी टायर बघा. एकसारखे न झिजलेले, उंचसखल झालेले टायर अगदी खराब बेअरिंगसारखे घुमतात. ओळखायचं कसं? रस्ता बदला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे. तिथून उतरून गाडी गुळगुळीत डांबरावर आली की टायरचा सूर लगेच बदलतो. बेअरिंग दोन्हीकडे तेच गाणं गातं. खात्री हवी असेल तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून बघा. आवाजाने जागा बदलली तर दोष टायरचाच.

या गाड्यांत टायरचं आणखी एक दुखणं आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. चारपैकी एक टायर फुटला म्हणून एकच नवा घातला, असं आपल्याकडे सर्रास होतं. नव्या टायरचा घेर झिजलेल्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे तो त्याच अंतरात कमी फेरे घेतो. हा फरक पुढच्या आणि मागच्या चाकांत पडला, की नेहमीच चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीतल्या मधल्या यंत्रणेला तो मैलोन् मैल सोसावा लागतो आणि ती तापते. आपल्याकडे शेव्हरोले फॉरेस्टर म्हणून विकली गेलेली गाडी मुळात सुबारूची. सुबारू आपल्या अशा गाड्यांसाठी चारही टायरच्या घेरांत पाव इंचापेक्षा, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. आता हातात तो शिवणकामाचा टेप घ्या. चारही टायरमध्ये हवा सारखी भरा, घेर मोजा आणि लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

टकटक, कटकट असे तुटक आवाज असतील तर खडू काढा. टायरच्या बाजूवर एक ठळक रेघ मारा. मोकळ्या मैदानात गाडी माणसाच्या चालीने चालवा, आणि मदतनिसाला बाजूने, चाकांपासून दोन हात दूर राहून चालायला सांगा. दोन मीटर घेराचं चाक ताशी पाच किलोमीटरला तीन सेकंदांत साधारण दोन फेरे घेतं, त्यामुळे आवाज मोजता येतो. रेघ एकदा खाली येताना एकच ठोका पडत असेल तर तो चाकाशी किंवा ॲक्सलशी बांधलेला. जिप्सीसारख्या गाडीत चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्ट चारच्या आसपास फेरे घेतो, जुन्या जीपमध्ये त्याहूनही जास्त. रेघ एकदा येईपर्यंत चार-पाच वेळा चिक-चिक झालं, तर शाफ्टचा क्रॉस कोरडा पडला असावा. त्याच मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून, पहिल्या गिअरमध्ये, हलका जोर देत गोल फिरवा. कट-कट-कट आलं की चाकाजवळचा सीव्ही जॉइंट. तो जाण्याआधी बहुधा त्याचा रबरी बूट फाटलेला असतो, आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतं.

जिप्सीच्या आणि जीपच्या मालकांसाठी इथे एक गोष्ट. या गाड्यांत फोर-व्हील टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाकं घसरून हा फरक भरून निघतो, कोरड्या डांबरावर तो निघत नाही. मग गाडी अडखळते, टायर घासतात, कडकडते. हा बिघाड नाही, चुकीच्या जागी केलेला वापर आहे. लीव्हर निघत नसेल तर गाडी थोडी सरळ मागे घ्या, ताण सुटतो.

आता गाडीखाली जायचं. इथे मी अगदी आग्रहाने सांगतो: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, क्षणभरसुद्धा, जायचं नाही. जमीन कडक आणि सपाट हवी. अंगणाच्या मातीवर स्टँड रुततात. खाली राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे ठोकळे, लावा आणि गाडी स्टँडवर ठेवा. आणखी एक, या गाड्यांपुरतं. दोनच चाकं उचलून, इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. जमिनीवरच्या चाकांनाही जोर मिळाला तर गाडी स्टँडवरून उडी मारून निघून जाते. खालची सगळी तपासणी इंजिन बंद ठेवून, हाताने करायची.

हात पुष्कळ सांगतो. चाकांना उटी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, अशा स्थितीत प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळा. डिफरन्शियलच्या दातांमुळे शाफ्ट थोडा हलेल, ते चालतं. पण क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे दुवे एकमेकांत हलता कामा नयेत. क्रॉसच्या टोप्यांभोवती विटकरी गंजाची भुकटी दिसली, तर आतलं ग्रीस केव्हाच संपलंय. ग्रीसिंगचं निपल असेल तर ग्रीस भरा, पण भुकटी आलेला क्रॉस बदललेलाच बरा. सेंटर बेअरिंगचं रबर, इंजिनाची फाउंडेशन रबरं, सायलेन्सरवरचा सैल पत्रा, हेही बघा. तो पत्रा भलत्याच भागांची बदनामी करतो.

मग येतं ऑइल. डिफरन्शियलचं ऑइल वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. नियम एकच, आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल करून बघायचा, आणि नंतरच खालचा उघडायचा. ऑइल सांडून गेलं आणि वरचा बोल्ट गंजून निघेना, तर गाडी जागेवर बसते. बोल्टाच्या चुंबकावर मऊ राखाडी लगदा असेल तर ती रोजची झीज. चकचकीत कपचे, दाताचे तुकडे निघाले तर गाडी पुढे चालवू नका. आणि ऑइल दुधासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय.

हे पाणी शिरतं कसं, ते कोकणात आणि नदीकाठच्या गावांत नीट माहीत असायला हवं. चालून तापलेलं डिफरन्शियल ओढ्याच्या थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. त्यासाठी वर एक ब्रीदर असतो, हवेची छोटी वाट. तो चिखलाने बुजलेला असेल तर हवेऐवजी सीलच्या कडेने पाणी ओढलं जातं. पाण्याने ऑइलची पकड जाते, बेअरिंग गंजतं, आणि दिवाळीच्या सुमाराला घरघर सुरू होते. लोक घाटाला दोष देतात, कारण असतं श्रावणातला ओढा. खोल पाण्यातून गाडी गेली असेल तर आवाजाची वाट न बघता ऑइल तपासा आणि ब्रीदर साफ करा.

ऑइल कोणतं, हे गाडीच्या पुस्तकातच बघायचं. क्राउन-पिनियनला बहुधा जीएल-५ लागतं, पितळी सिंक्रोच्या बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-४. दोन्हीकडे एकच डबा ओतू नका. जुन्या होंडा सीआर-व्हीची गोष्ट तर निराळीच. १९९५ साली जपानात आलेल्या या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये दोन छोटे पंप असतात, एक पुढच्या चाकांच्या वेगाने फिरणारा, दुसरा मागच्या. दोघांच्या वेगात फरक पडला की तेलाचा दाब तयार होतो, आतल्या क्लचच्या चकत्या दाबल्या जातात आणि मागच्या चाकांना जोर मिळतो. तेल जुनं झालं की चकत्या अडखळतात आणि पार्किंगमध्ये गाडी पूर्ण वळवताना मागून कण्हल्यासारखा आवाज येतो. ऐकणाऱ्याला वाटतं डिफरन्शियल संपलं. पुष्कळदा लागतं ते फक्त होंडाचं खास ड्युअल पंप फ्लुइड, साधारण लिटरभर. ते भरून मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या काही फेऱ्या मारल्या की नवं तेल चकत्यांत जातं आणि आवाज बहुधा थांबतो. साधं गिअर ऑइल तिथे चालत नाही.

एवढं करूनही आवाज पुढचा की मागचा हे कळत नसेल, तर अर्धी यंत्रणा शांत करून बघता येते. ज्या जिप्सींना पुढच्या चाकांत फ्री-व्हीलिंग हब आहेत, त्यांचे हब सोडवा आणि टू-व्हीलमध्ये चालवा. पुढचा शाफ्ट आणि पुढचं डिफरन्शियल फिरायचं थांबतं. आवाज गेला तर तो तिथला.

क्राउन-पिनियनचं सेटिंग आणि बेअरिंग दाबून बसवणं ही घरची कामं नव्हेत. तिथे डायल गेज हवा, प्रेस हवा आणि अनुभवी मेस्त्री हवा. पण मेस्त्रीकडे जाताना ‘आवाज येतो’ एवढंच सांगू नका. ‘ताशी चाळीस ते पन्नासला, ॲक्सिलरेटर सोडल्यावर, गिअर बदलला तरी तोच, वळल्याने फरक नाही, ऑइलमध्ये कपचे नाहीत’ असं लिहून द्या. चांगला मेस्त्री या एका ओळीवरून कुठे हात घालायचा ते ओळखतो. आणि कपचे निघाल्यामुळे गाडी ओढून न्यावी लागली, तर क्रेनवाल्याला दोन चाकं वर आणि दोन रस्त्यावर असं करू देऊ नका. नेहमी चारही चाकांवर चालणारी गाडी पूर्ण ट्रकवर चढवूनच न्यायची.