सुटे भाग आणि विणलेले वस्त्र
(नारपोली, भिवंडी येथे विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सभागृहाकडे येताना दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट कानी येत होता. आजचा विषय ‘प्रणाली-जीवशास्त्र’, म्हणजे सिस्टिम्स बायॉलॉजी. नाव जडजंबाल वाटेल; पण हा विषय समजावून देण्यास नारपोलीइतके योग्य स्थान क्वचितच सापडेल, असे मला वाटते.

समजा, एखादा यंत्रमाग पूर्णपणे खोलला आणि त्याचा प्रत्येक भाग, धोटा, कांडी, बीम, दातेरी चक्रे, चादरीवर मांडून त्यांची यादी केली. यादी अचूक झाली, तरी तिच्यातून वस्त्र कसे निघते हे कळेल काय? काल कापडात दोष का आला, हे कळेल काय? ते जॉबरला कळते. तो नुसता आवाज ऐकतो आणि दोष दिसतो तिथे नव्हे, भलत्याच ठिकाणी पाना लावतो. कारण त्याला भागांइतकेच भागांचे परस्परसंबंध ठाऊक असतात. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, ही व्यवस्था कोणत्याही एका सुट्या भागात नाही. ती जोडणीत आहे.

विसाव्या शतकातील जीवशास्त्राने मुख्यतः ही यादीच केली, आणि ते काम थोर होते. 2003 साली मानवी जनुकसंचाचे वाचन पूर्ण झाल्याचे घोषित झाले. त्यापूर्वी माणसाची जनुके लाखभर असावीत असे अंदाज होते. प्रथिने घडवणारी जनुके निघाली सुमारे वीस हजार. मग माणसाचे वेगळेपण कशात? उत्तर संबंधांच्या जाळ्यात शोधावे लागणार, हे स्पष्ट झाले. या विचाराची चाहूल आधीच लागली होती. 2000 साली लिरॉय हूड यांनी सहकाऱ्यांसह सिअॅटल येथे या विषयाला वाहिलेली संस्था उभारली आणि त्याच वर्षी टोकियोत या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

हे काम परदेशातच होते असे मानू नका. येथून फार दूर नसलेल्या पवईच्या आयआयटीत पैके जयदेव भट हे जीवशास्त्रज्ञ आणि के. व्ही. वेंकटेश हे रसायन अभियंते एकत्र बसले. विषय होता पाव फुगवणारी यीस्ट पेशी. दुधातील साखरेचा एक घटक गॅलॅक्टोज. तो समोर आला की ही पेशी तो पचवणारी जनुके चालू करते. गॅल-4 हे प्रथिन चालू करणारे, गॅल-80 त्याला धरून ठेवणारे, आणि गॅलॅक्टोजची वर्दी मिळताच गॅल-80 ला अडकवून ठेवणारे गॅल-3. तिन्ही प्रथिने आधीच ठाऊक होती. प्रश्न असा, की हे बटण इतके संवेदनशील कसे? त्यांनी समीकरणे मांडली, प्रयोगाशी ताडून पाहिली आणि 2003 साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मांडले की गॅल-80 चे पेशीकेंद्रातून बाहेर व परत आत जाणे, धोट्यासारखी ही ये-जा, त्या संवेदनशीलतेच्या मुळाशी आहे. जीवशास्त्रज्ञाला समीकरण हवे होते, अभियंत्याला जिवंत पेशी. म्हणून हे काम झाले.

आता थोडे कटू बोलतो. मी आयुष्यभर विद्यापीठीय परिसंवादांना गेलो आहे. एका ठिकाणी दीपप्रज्वलन, स्वागत आणि सत्कार यांतच दुपार झाली. चहापानानंतर प्रमाणपत्रे वाटली गेली आणि मुख्य व्याख्यानाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. वक्ता अर्थात मीच होतो, म्हणून माझा राग थोडा सोडून द्या! परंतु परिसंवादाचे फलित छायाचित्रांवर मोजायचे, की त्यातून गणिताचा अध्यापक आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा अध्यापक पुढील वर्षभर एका टेबलाशी बसले यावर मोजायचे?

मघाशी एका भगिनीने मला विचारले, “सर, माझी मुलगी बी.एस्सी. करते. मोठ्या शहरात, मोठ्या संस्थेत पाठवणे आम्हाला परवडणारे नाही. तिने भिवंडीत राहून संशोधन करायचे म्हटले तर होईल का?” त्या भगिनींना मी एक घडलेली गोष्ट सांगतो.

क्षयरोग आपल्याला नवा नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. जिथे खोल्या कोंदट आणि वस्ती दाट, तिथे तो लवकर पसरतो. त्याच्या जंतूचा जनुकसंच 1998 साली वाचला गेला: सुमारे 44 लाख अक्षरे, सुमारे चार हजार जनुके. यादी हाती आली, तरी तेवढ्याने औषध हाती येत नाही. हा जंतू मोठा धूर्त आहे. प्राणवायू कमी झाला की आपले चयापचय पालटून सुस्तावतो, एक वाट बंद केली तर दुसरी शोधतो. तेव्हा जाळे ओळखल्याविना मर्मस्थान सापडणे कठीण.

2008 साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, समीर ब्रह्मचारी महासंचालक असताना, खुल्या औषधशोधाचा उपक्रम आरंभला. त्यातील ‘कनेक्ट टू डिकोड’ या टप्प्यात देशभरातील शेकडो विद्यार्थ्यांनी 2010 मध्ये संगणकावर बसून एकेका जनुकाविषयी प्रसिद्ध झालेले शोधनिबंध वाचले, नोंदी केल्या, एकमेकांच्या नोंदी तपासल्या. 2012 साली त्याचा शोधनिबंध आला. 1434 प्रथिने आणि त्यांच्यातील 2575 कार्यसंबंधांचा नकाशा त्यात होता. त्यातून औषधासाठी 17 संभाव्य लक्ष्ये सुचवली गेली. पैकी पाच आधीच प्रयोगांनी सिद्ध झालेली होती, म्हणजे पद्धत भरवशाची ठरली. औषध त्यातून लगेच बाजारात आले, असे मात्र मी सांगणार नाही. लक्ष्य दाखवणे आणि औषध घडवणे यांत मोठे अंतर असते. पण त्या नकाशाचे धागे ओवणाऱ्यांत पदवीचे विद्यार्थी होते, आणि त्यांना हवे होते ते संगणक, इंग्रजी वाचण्याचा सराव आणि चिकाटी.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनातील प्रश्न मीच मांडतो. शरीराचा समग्र विचार आयुर्वेदाने पूर्वीच केला नव्हता काय? केला होता, आणि त्याचा रास्त अभिमानही असावा. परंतु अभिमानाने पुराव्याची जागा घेऊ नये. पुण्यात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तोच मार्ग धरला. 2005 साली त्यांनी 76 व्यक्तींची प्रकृती आणि त्यांच्या प्रतिकारशक्तीशी निगडित जनुके यांचा संबंध तपासला. पुढे 2015 साली हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांसह झालेल्या अभ्यासात 3416 निरोगी पुरुष पाहून त्यांतून 262 निवडले गेले. जनुकसंचातील 52 जागी प्रकृतिनिहाय फरक आढळला आणि पीजीएम-1 या जनुकाचा पित्तप्रकृतीशी संबंध दिसला. याने त्रिदोष सिद्धान्त सिद्ध झाला असे कोणी म्हणत असेल, तर तो त्या संशोधकांवरच अन्याय करतो. संख्या लहान होती, स्त्रिया नव्हत्या. इतरांनी इतरत्र तो अभ्यास पुन्हा करून पाहिला पाहिजे. तेही काम तुमच्यापैकी कुणी करू शकेल. निष्कर्ष उलट आला, तरी तो प्रसिद्ध करण्याचे धैर्य मात्र हवे.

पुढच्या रविवारी सकाळी मी पुन्हा नारपोलीत येणार आहे. ज्यांना यायचे त्यांनी एक वही आणावी. दोन संगणकांची सोय झाली आहे. क्षयजंतूची सर्व जनुके विनामूल्य माहितीकोशात उघडता येतात. पहिल्या दिवशी एकच जनुक वाचू: आरपीओबी, सुमारे साडेतीन हजार अक्षरांचे. त्यातील 81 अक्षरांच्या लहानशा पट्ट्यात बदल झाला की रिफॅम्पिसिन हे औषध बहुधा निकामी ठरते. सरकारी केंद्रात थुंकीच्या नमुन्यावर दोन तासांत होणारी यंत्रचाचणी नेमका हाच पट्टा तपासते. आपल्या चाळीतील कुणाच्या तरी अहवालावर त्या बदलाची नोंद असेल. ती अक्षरे कोणती आणि तेथे काय पालटते, हे त्या भगिनींची मुलगी आपल्याला फळ्यावर लिहून दाखवील. मी तिला तसे विचारले आहे, आणि ती हो म्हणाली आहे.