‘रिकामी जमीन’ कुणाची?

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



अमेरिकेच्या विद्यापीठांत ‘अमेरिकन स्टडीज’ नावाचा अभ्यासक्रम आहे. इतिहास, साहित्य, अर्थकारण, कायदा, गाणं, सिनेमा एकत्र आणायचे आणि त्या देशाची संस्कृती तपासायची. कल्पना झकास आहे. मी गोदीतला माणूस, मला ती गासडीवरनं कळते.

कापसाची एक गासडी घ्या. अर्थशास्त्रवाला भाव सांगेल, इतिहासवाला सन सांगेल. पण तो कापूस वेचणाऱ्या माणसाला विकायची मुभा कोणत्या कायद्यानं दिली? वेचताना तो काय गात होता? १८६१ला तिथं यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, तर इथं मुंबईत भाव का भडकले? एकट्या विषयाच्या बापाला हे सांगता येणार नाही. सगळे विषय एका पंगतीला बसले पाहिजेत.

पण पंगतीबाहेर कोण राहिलं, हे कोण बघणार?

हेन्री नॅश स्मिथ यांनी १९४० साली हार्वर्डमधनं या अभ्यासातली पहिली डॉक्टरेट घेतली. १९५०ला त्यांचं ‘व्हर्जिन लँड’ आलं. व्हर्जिन लँड, म्हणजे कुणाचा हात न लागलेली जमीन. पश्चिमेकडची ती जमीन गोऱ्या अमेरिकेला कादंबरीत, राजकारणात कशी दिसली, याचा त्यांनी शोध घेतला. पुस्तक गाजलं. पण त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मूळ रहिवासी नजरेतनं निसटला. १९८६ला स्मिथ यांनी स्वतःच ही चूक कबूल केली. हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण तोवर किती वर्गांनी ती ‘रिकामी जमीन’ घोकली असंल!

विषय जोडले, माणूस सुटला.

सुटलेल्या माणसांनी १९८६ची वाट बघितली नाही. ६ नोव्हेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात काळ्या विद्यार्थ्यांची संघटना आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट यांनी संप पुकारला. पोलीस घुसले. लाठ्या, अटका. तरी पोरं मार्च १९६९पर्यंत हटली नाहीत. त्यातनंच तिथं एथ्निक स्टडीजचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. तो अभ्यासक्रम कुणी दान दिला नाही, पोरांनी डोकी फोडून घेऊन मिळवला. जवळच, खाडीपलीकडच्या ओकलंडात, १९६६ला ब्लॅक पँथर जन्मली होती. १९७२ला मुंबईत आपण नाव घेतलं ते तिचंच.

आणि बाबासाहेब? १९१३ला कोलंबियात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, सगळं धुंडाळलं. १९१६ला जातीवरचा निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. १९४६ला त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतला काळा आणि इथला अस्पृश्य यांच्या स्थितीत एवढं साम्य आहे, की तो अभ्यास आपल्याला टाळताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते तिथं पाहुणे म्हणून शिकले नाहीत. आपला प्रश्न खिशात घेऊन शिकले.

तुमच्यातला कुणी उद्या तिकडं शिकायला जाईल. जरूर जा. पण पहिल्याच तासाला विचारा: जमीन कुणाची होती? कापूस कुणी वेचला? आणि परत आल्यावर हेच दोन प्रश्न आपल्या गावच्या पाटलाला विचारा.

जय भीम.