पोरीचा गुडघा आणि सायकलची सीट

पोरीला सायकल मिळते, महिनाभर ती खुशीत शाळेत जाते, आणि मग एक दिवस म्हणते, "आई, गुडघा दुखतो." आपण तेल चोळतो, शेक देतो. दुखणं काही थांबत नाही. मग घरात कोणीतरी म्हणतंच, "राहू दे आता, एवढ्या लांब कशाला जायचं?" गटाच्या बैठकीत ही गोष्ट आम्ही पुष्कळदा ऐकतो, म्हणून आज त्यावरच बोलू.

अशा वेळी आम्ही गुडघ्याबरोबर सायकलची सीटही बघतो. बरेचदा ती फार खाली असते. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं आपल्याला वाटतं, पडायची भीती असते ना! पण सीट खाली असली की गुडघा जास्त दुमडतो, आणि दुमडलेल्या गुडघ्यानेच जोर लावावा लागतो. मग वाटीपाशी, पुढच्या बाजूला दुखतं. हिशोब करून बघा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 5 मीटर जाते. शाळा 4 किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन प्रत्येक गुडघा 1600 वेळा वाकतो.

आता माप कसं घ्यायचं? एकीने सायकल धरावी, पोरीने सीटवर बसावं. पायडल अगदी खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. कंबर एका बाजूला न कलता पाय सरळ झाला, तर उंची बरोबर. चालवताना मात्र टाच नाही, चवडा ठेवायचा. मग गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीट फार वर असेल तर कंबर डुलते आणि गुडघ्याच्या मागे दुखतं. सीटच्या दांडीवर एक खूण असते, ती बाहेर दिसेल इतकी दांडी वर ओढू नका. नवशिकीची सीट एकदम वर नेऊ नका, दर दोन-चार दिवसांनी बोटभर चढवा. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायला तिला शिकवा. एकच सायकल बहीण-भाऊ वापरत असतील, तर दांडीवर दोघांच्या मापाला रंगाची खूण करा.

सीटचं टोकही बघा. ते वर उचललेलं असेल तर नाजूक जागी दुखतं, बधिर होतं. पोरी हे लाजून सांगत नाहीत, आपणच विचारायचं.

दुखऱ्या गुडघ्यासाठी सोपा व्यायाम आहे. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून 5 आकडे मोजा, सोडा. असं 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ. व्यायामाने दुखणं वाढलं तर थांबा.

गुडघा सुजला, अडकला, रात्री झोपेतही दुखला किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय असते. तिथे जाताना पोर सायकल कशी चालवते, सीट किती उंच आहे, हेही सांगा.