तार तुटली तर कारभार कोणाचा?

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले की भोसरी मागे पडते, इंद्रायणीच्या अलीकडे मोशी लागते आणि नदी ओलांडून पुढे गेले की चाकण. १९९७ साली मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. दोन औद्योगिक वसाहतींच्या मधले हे गाव. या पट्ट्यातील कारखान्यांत आता यंत्रांच्या जोडीला संगणक आले आहेत. त्या संगणकांचा कारभार कोणी पाहावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

'क्लाउड' हा शब्द आपण ऐकलाच असेल. नाव ढगाचे, पण वस्तू जमिनीवरचीच! मोठ्या इमारतींत हारीने मांडलेले, भाड्याने मिळणारे हजारो संगणक म्हणजे क्लाउड. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात आणि अमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. 'एज' हे त्याचे दुसरे टोक: कामाच्या जागी, यंत्राशेजारी ठेवलेला लहानसा संगणक.

केंद्र इतके जवळ असताना हा शेजारचा संगणक कशाला? हिशेब करून पाहू. समजा, प्रेसमधून पडणाऱ्या सुट्या भागांवर एक कॅमेरा नजर ठेवतो. एका चित्रात सुमारे २० लाख ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, सेकंदाला ३० चित्रे. म्हणजे सेकंदाला १८ कोटींहून अधिक बाइट झाले. हे सारे केंद्राकडे धाडण्यापेक्षा भाग चांगला की वाईट हे जागीच ठरवावे आणि केंद्राला गोषवारा कळवावा, हे शहाणपणाचे नाही का?

पण असे शेकडो संगणक सांभाळायचे कसे? गूगलने २०१४ साली 'क्युबरनेटीज' ही प्रणाली सर्वांना खुली केली. तिची रीत सोपी आहे. मालकाने एवढेच सांगायचे, की अमुक कामाच्या तीन प्रती चालू हव्यात. काय असायला हवे आणि काय आहे, हे केंद्र सतत ताडून पाहते आणि उणे असेल ते भरून काढते. प्रत्येक संगणक ठरावीक वेळाने 'मी आहे' असे कळवतो. निरोप थांबला, तर केंद्र साधारणपणे पाच मिनिटे वाट पाहते आणि तेच काम दुसऱ्या संगणकावर सुरू करते.

आता रस्ता खणताना जेसीबीने केबल तोडली असे धरा. संगणक जिवंत आहे, काम चालू आहे. केंद्राच्या लेखी मात्र तो मेला! केंद्राने दुसरा नेमला, की एका कामाला दोन धनी झाले. त्यातच वीज जाऊन परत आली, तर त्या संगणकाने आपले काम काय, हे विचारायचे कोणाला? यंत्र उभे, कामगार उभे, पाळी वाया.

यावर उपाय निघाले आहेत. २०१८ साली पुढे आलेल्या 'क्यूबएज'मध्ये कामाचा हुकूम संगणकाच्या स्वतःच्या दप्तरी राहतो. केंद्र नसले तरी तो पुन्हा उभा राहतो. दुसरा उपाय पंचांचा. शेजारचे तीन संगणक आपसांत ठरवतात. दोघांचे मत पडले की निर्णय पक्का, एकटा पडलेल्याने गप्प बसायचे. २०१४ साली मांडलेली 'राफ्ट' ही पद्धत अशीच चालते. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. संपर्क तुटला असताना सर्वांचे दप्तर एक ठेवायचे आणि प्रत्येकाने कामही चालू ठेवायचे, या दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत, हे गिल्बर्ट आणि लिंच यांनी २००२ साली सिद्ध केले आहे.

तेव्हा अधिकारांची वाटणी आधीच करावी लागते. ती आपल्याला नवी नाही. १९६१ च्या कायद्याने महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, त्या याच विचाराने: जिथले काम तिथे अधिकार, धोरण मात्र वरून. इथेही तसेच. प्रेसखाली हात आला तर थांबण्याचा निर्णय यंत्राचाच. त्याने कोणत्याही संगणकाला विचारायला जाता कामा नये. मालाची पारख शेजारच्या संगणकाने करावी. नवा प्रोग्रॅम कोणता चढवायचा, हे केंद्राने ठरवावे. आणि हिशेब संपर्क आल्यावर जुळवावा.

लहान कारखानदारांना माझे एवढेच सांगणे आहे. अशी यंत्रणा विकायला कोणी आला, तर त्याची चित्रे नि तक्ते पाहून झाल्यावर त्याला म्हणावे, "आता ही केबल काढा, वीज एकदा बंद करून चालू करा, आणि काम चालते का ते दाखवा." पैसे मोजायचे ते त्यानंतर.