शेगडीची जाळी

पौषांत नागपूरचा पारा दहा अंशांखालीं उतरला कीं माळ्यावर टाकलेली कोळशाची शेगडी पुन्हां खालीं येते. स्वयंपाक आतां गॅसवर होतो हें खरें. परंतु निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या भरिताची गोडी गॅसच्या ज्योतीला येत नाहीं, असें वऱ्हाड-नागपुराकडील घरांत आजही आग्रहानें सांगितलें जातें. शेगडी झटकली जाते, पेटवली जाते; तिची जाळी मात्र क्वचितच कोणी न्याहाळतें.

वस्तुतः शेगडीचें सारें कार्य या जाळीवरच चालतें. तिच्या फटींतून हवा वर चढते आणि राख खालीं पडते. फटी बुजल्या कीं कोळसा अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु अधिक निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. धूर दिसत नाहीं म्हणून शेगडी निर्धोक, हा समज जिवावर बेतणारा आहे. जाळी कितीही स्वच्छ असली तरी धगधगती शेगडी बंद खोलींत ठेवून निजणें कदापि योग्य नव्हे.

जाळी घ्यावयाची ती बिडाची, ओतीव. पातळ पत्र्याची स्वस्त पडते खरी, पण लवकरच वांकते आणि तिचे पापुद्रे सुटूं लागतात. बीड ठिसूळ असतें. म्हणून जाळी टांगती धरून हलकेंच ठोकावी. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा असण्याचा संभव. जाळी शेगडींत ठोकून घट्ट बसवूं नये. वीतभर लांबीची जाळी लाल झाली कीं दीड-दोन मिलिमीटर वाढते. तेवढी मोकळीक न मिळाल्यास ती स्वतः तरी फुटते, नाहीं तर शेगडीची माती फोडते. लाकडी कोळशाला अरुंद फटी बऱ्या. कामठी-उमरेडकडील दगडी कोळशाची राख पुष्कळ. त्याला फटी रुंद हव्यात.

जाळी जळून जाते ती बहुधा वरच्या निखाऱ्यानें नव्हे, खालच्या राखेनें. खालून येणारी गार हवाच जाळीला थंड ठेवते. राखेचा ढीग जाळीला टेकला कीं तो आधार तुटतो. राख रोज काढावी. निखारे विझविण्यासाठीं पाणी ओतण्याची घाई करूं नये. तापलेलें बीड तडकतें. वितळून चिकटलेली राख जाळी गार झाल्यावरच खरवडावी.

होळीनंतर शेगडी माळ्यावर चढवितांना जाळी कोरडी करून तिला तेलाचा हात फिरवावा, म्हणजे पावसाळ्यांत गंज धरणार नाहीं.