पिकाच्या उंचीवरील हवा

उद्या पाऊस पडेल की नाही एवढ्या एकाच प्रश्नापुरता हवामानशास्त्राचा विचार करण्याची आपली सवय इतकी जुनी आहे, की कृषिहवामानशास्त्र नावाची एक स्वतंत्र पदव्युत्तर विद्याशाखा आहे आणि तिचे भारतातील मूळ आपल्या पुण्यात रुजलेले आहे, ही गोष्ट सुशिक्षितांच्याही कानावर क्वचितच आलेली असते. शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल १९२८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शिफारशीवरून पुढे १९३२ साली हवामान खात्याने पुण्यास या विषयाची शाखा उघडून तिची सूत्रे डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाती दिली.

रामदास हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या तालमीत तयार झालेले भौतिकशास्त्रज्ञ. निरभ्र आणि निर्वात रात्री उघडी जमीन निवत जाते, तेव्हा तिला चिकटून असलेली हवाच सर्वांत थंड असणार, असे शास्त्र तोवर मानीत आले होते. परंतु रामदासांच्या मोजणीत नीचतम तापमान जमिनीलगत न सापडता तिच्यावर वीत-दीड वीत उंचीवर सापडले. परदेशातील जाणत्यांनी प्रथम शंका घेतली, आणि त्या गूढाची समाधानकारक उपपत्ती लावण्यासाठी बंगळूरच्या रोद्दम नरसिंह यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना साठ वर्षांनंतरही झटावे लागले. कोवळ्या रोपाचा शेंडा असतो तो नेमका याच उंचीवर. आणि वेधशाळेच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतला तापमापक मात्र सुमारे चार फुटांवर टांगलेला असतो.

या विद्येचे मर्म माझ्या मते या अंतरात आहे. गावाची हवा निराळी आणि पिकाची हवा निराळी, हे ज्याला उमगले त्याच्याच हातून द्राक्षबागायतदाराला उपयोगी पडेल असा सल्ला लिहिला जाईल. कारण द्राक्षावर केवडा रोग पडणार की नाही हे पुष्कळसे पान किती तास ओले राहिले यावर ठरते, तालुक्याच्या सरासरीवर नव्हे.

म्हणून आजच्या विद्यार्थ्याविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. दुसऱ्यांनी घेतलेल्या नोंदी संगणकाला पुरवून प्रबंध सिद्ध करता येतो, आणि ते कामही हलके नव्हे. तथापि सकाळी सात वाजता शेतातल्या वेधशाळेत स्वतः उभे राहिल्यावाचून आकड्याची पारख येत नाही. काचेच्या भरीव गोळ्यामागील पट्टीवर उन्हाने जाळलेली रेघ ढग येताच कशी तुटते, हे त्याने पाहावे. ओल्या मलमलीत गुंडाळलेला तापमापक त्याने विशेष जपावा, कारण ती मलमल मळली किंवा सुकली की पारा असावा त्याहून वर राहतो, हवा आहे त्यापेक्षा दमट भासते, रोगाचा इशारा नाहक सुटतो आणि शेतकरी गरज नसलेल्या फवारणीवर पैसा घालवितो.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात, महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली, या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. कृषी पदवीधर तरुण-तरुणींनो, गणिताच्या धास्तीने या शाखेकडे पाठ फिरवू नका. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी एकदा तेथील वेधशाळेत सकाळच्या नोंदीच्या वेळी जाऊन या.